पाण्याचे पैसे वेगळे

जयपूरला समुद्र नाही, ही बातमी इथल्या ट्रॅव्हल एजंटांपर्यंत अजून पोचलेली नाही. एम. आय. रोडवर उंटाच्या सफारीची पाटी आणि क्रूझची पाटी शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने नांदतात. गावात पाणी म्हणावं तर मानसागर, पण त्यात जलमहाल आधीच येऊन बसलाय. रामगढच्या तलावात 1982 सालच्या आशियाई खेळांतल्या नौकानयनाच्या शर्यती झाल्या होत्या असं सांगितलं तर नवखा माणूस हसतो, कारण तो तलाव आता इतका कोरडा आहे की 2025 साली त्याच्यावर ड्रोन उडवून पाऊस पाडायचा घाट घालावा लागला. नळाला येतं ते पाणी शंभराहून जास्त किलोमीटरवरच्या बिसलपूर धरणाचं. अशा गावातल्या माणसाला कुणी म्हणालं, चला, चारी बाजूंनी पाणी दाखवतो, तर तो दर विचारत नाही. कधी निघायचं एवढंच विचारतो. दर मागाहून कळतो.

मी मूळचा साताऱ्याचा. बँकेने बदली केली म्हणून इथे आलो आणि मुलांच्या शाळा, बायकोच्या मैत्रिणी, कांद्याची कचोरी अशा कारणांनी इथेच राहिलो. त्यामुळे समुद्र आमच्याही रक्तात नाहीच. पण समुद्रप्रवासाची या गावाची परंपरा मात्र सव्वाशे वर्षांची आहे, आणि तिची पावती सिटी पॅलेसच्या चौकात सगळ्यांना बघायला ठेवलेली आहे.

दिवाण-ए-खासच्या गुलाबी मंडपात दोन चांदीचे घडे उभे आहेत. घडे म्हणजे आपल्या माठासारखे नव्हेत. साधारण 1.6 मीटर उंच, पोट असं की त्यात एक बिऱ्हाड मावावं, आणि एकेकात सुमारे 4000 लिटर पाणी. जगातली सर्वांत मोठी चांदीची भांडी म्हणून गिनेसच्या पुस्तकात त्यांची नोंद आहे. 1902 साली महाराजा सवाई माधोसिंह दुसरे सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला निघाले, तेव्हा पिण्याला परदेशी पाणी नको म्हणून या घड्यांतून गंगाजल नेलं. जहाजही साधं चालणार नव्हतं. ज्याच्या भटारखान्यात कधी गोमांस शिजलेलं नाही असं नवंकोरं ‘ऑलिम्पिया’ नावाचं जहाज अख्खं भाड्याने घेतलं, त्यात देऊळ केलं, गोपाळजींची स्थापना केली, वेगवेगळी स्वयंपाकघरं थाटली आणि शंभरावर माणसं बरोबर घेतली. आमच्याकडे लोक एक चार्जर विसरतात म्हणून परत घरी येतात. महाराज काही विसरले असतील असं वाटत नाही.

गंमत म्हणजे हा तोच एडवर्ड. 1876 साली युवराज म्हणून तो जयपूरला आला, तेव्हा आधीच्या महाराजांनी, रामसिंहांनी, अख्खं शहर गुलाबी रंगवून घेतलं आणि अल्बर्ट हॉलची कोनशिला त्याच्या हातून बसवली. म्हणजे एका पाहुण्यापायी आधी रंगाचा खर्च, मग इमारतीचा, मग जहाजाचा. आमचे डोंबिवलीचे मेहुणे येणार म्हटलं की आम्ही फक्त पडदे धुतो, तेही हिच्या आग्रहाने.

या मेहुण्यांनीच क्रूझची टूम काढली. ‘मुंबईहून निघायचं, समुद्रात राहायचं, खायचं-प्यायचं आणि परत यायचं,’ असा त्यांचा आराखडा. हे सगळं समुद्र वगळून आमच्या घरी ते दरवर्षी करतातच. पण हिला ते पटलं, मुलांना पटलं, आणि मी एम. आय. रोडवरच्या एका दुकानातून रंगीत पत्रक घेऊन आलो. त्यावर ‘दरडोई फक्त 24,999’ हा आकडा तळहाताएवढा होता आणि त्यानंतरचं ‘पासून’ मुंगीएवढं.

ते पत्रक मी आबांना दाखवलं. आबा विट्याचे. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यापायी देशभर पसरलेली आहेत. कुठल्याही शहरातल्या सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत जा, भट्टीपुढे एखादा सांगलीकडचा माणूस बसलेला भेटतोच. आबांची भट्टी जौहरी बाजाराच्या मागे आहे. लोक दागिना आणून देतात, आबा तो वितळवतात आणि आत खरं सोनं किती होतं ते सांगतात. मग गिऱ्हाईक थोडा वेळ गप्प बसतं. आबांच्या उभ्या आयुष्यात कुठलाही दागिना जेवढा सांगितला तेवढा भरलेला नाही, आणि त्यामुळे कुठल्याही आकड्याकडे ते त्याच नजरेने बघतात.

त्यांनी पत्रक हातात घेतलं, उलटं करून मागची बारीक अक्षरं आधी वाचली आणि म्हणाले, “सायेब, ह्ये भाडं गाळून बघाया पायजे.”

गाळलं. ते भाडं खिडकी नसलेल्या खोलीचं होतं. खिडकी हवी तर वेगळे, बाल्कनी हवी तर आणखी वेगळे. एका खोलीत दोघं धरली होती. एकटा माणूस गेला तर त्याने न आलेल्या माणसाचेही बरेचसे पैसे भरायचे. वर बंदराचं शुल्क. वर सेवकांची बक्षिसी, जी आपण खूश झालो की नाही हे कळायच्या आधीच कापून घेतात. या सगळ्यावर जीएसटी. त्याच्या आधी जयपूर ते मुंबई रेल्वेचं भाडं, आणि जहाजाआधी एक रात्र डोंबिवलीला. ती फुकट, पण तिची परतफेड पुढे अनेक दिवाळ्यांना होते. आबांनी पाटीवर बेरीज केली. मूळ आकड्याची सरळ दीडपट झाली होती.

“आणि ह्यात पानी न्हाई धरलेलं,” आबा म्हणाले.

मी हसलो. समुद्रावर पाण्याचे कसले पैसे!

आबांच्या या गाळण्याच्या सवयीतून महाराजही सुटलेले नाहीत. एकदा साताऱ्याहून आलेल्या पाहुण्यांना सिटी पॅलेस दाखवायला निघालो तेव्हा आबा बरोबर होते. गाईड मोठ्या तालात सांगत होता: चांदीचे 14,000 रुपये वितळवून एक घडा केला, कुठे जोड नाही, वजन 345 किलो. पाहुणे ‘अबब’ म्हणाले. आबांनी डोळे मिटले. ते डोळे मिटतात तेव्हा गुणाकार चाललेला असतो.

“रुपाया म्हंजे एक तोळा,” ते मला बाजूला घेऊन म्हणाले. “चौदा हजार तोळं म्हंजे एकशे त्रेसष्ट किलो. ह्यो सांगतोय तीनशे पंचेचाळीस. दुप्पट नाणी धरली तरी धा-वीस किलो कमी पडत्यात. ह्यो हिशोब बसंना की, सायेब.”

गाईडला हे सांगायचं धाडस मला झालं नाही. त्याला ते कुणी आजवर सांगितलंही नसावं. पण माझ्या मनात त्या क्षणी एक गोष्ट पक्की झाली. समुद्रप्रवासाचा सांगितलेला आकडा आणि तराजूवरचा आकडा यांची गाठ 1902 सालीही पडली नव्हती, मग आमची काय पडणार?

आणि आणखी एक. गंगेचं पाणी फुकट. भांडं मात्र, नाण्यांच्या दर्शनी किमतीनेच धरलं तरी, निदान 14,000 रुपयांचं. वर तशी दोन. गाईड तर तीन म्हणतात. तिसरा घडा म्हणे लाल समुद्रात वादळ उठलं तेव्हा दर्याला शांत करायला लाटांत सोडला. ही दंतकथा खरी असो वा खोटी, दर्याला दिलेली एवढी मोठी टिप कुणी ऐकली नसेल. मुंबई सोडतानाही महाराजांनी समुद्राची पूजा करून सोनं, मोती, रेशमी वस्त्रं पाण्यात अर्पण केली, असं सांगतात. म्हणजे आमच्या पावतीवरचं बंदर-शुल्क त्यांनी थेट मालकाकडे भरलं. आमचे कोळी बांधव नारळी पौर्णिमेला याच मालकाला एका नारळात खूश करतात, पण ते रोजचे गिऱ्हाईक.

शेवटी आम्ही जहाजावर चढलो तेव्हा पहिली गोष्ट झाली ती म्हणजे हिची पिशवी बाजूला काढली गेली. बाहेरचं खाणंपिणं आत नेता येत नाही, असा नियम होता. पिशवीत चिवडा होता, मेतकूट होतं, लिंबाचं लोणचं होतं, आणि जयपूरहून घरून भरून आणलेल्या पाण्याच्या बाटल्या होत्या. “घरचं पाणी पोटाला सोसतं,” हा हिचा सिद्धान्त. बिसलपूरचं पाणी अशा रीतीने मुंबईच्या बंदरापर्यंत आलं आणि तिथे त्याचा प्रवास संपला. महाराजांनी जहाज अख्खं भाड्याने का घेतलं, हे मला तिथे समजलं. स्वतःच्या जहाजावर पिशवी कोण तपासणार?

मेतकूट मात्र आत गेलं. कुणाच्या पर्समधून, ते मी इथे लिहिणार नाही.

पुढे एक कार्ड हातात दिलं. खोलीची किल्ली तेच, ओळखपत्र तेच आणि पाकीटही तेच. जहाजावर रोख पैसा चालत नाही. कार्ड टेकवायचं, टुक् असा आवाज येतो आणि आपण पुढे जातो. या टुक् आवाजाइतका गोड आवाज समुद्रावर दुसरा नाही. लाटांचा आवाज त्यामानाने कर्कश. रोख नोट मोडताना मराठी माणसाच्या बोटांना जी वेदना होते, ती या पद्धतीत अजिबात होत नाही. मेहुण्यांनी पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांना मिल्कशेक पाजला. डोंबिवलीत हे दृश्य मी कधी पाहिलेलं नाही.

आमच्या खोलीला खिडकी नव्हती, पण पडदा होता. हिने मोठ्या उत्साहाने तो बाजूला केला तर मागे भिंत. सकाळ झाली की रात्र आहे हे ओळखायला घड्याळ, आणि घड्याळावर विश्वास नसेल तर बाहेर येऊन जिना चढायचा. मुलांना तीच खोली सगळ्यात आवडली, कारण तिथे उठवायला सूर्य नव्हता.

निघण्याआधी सगळ्यांना एकत्र करून, जहाज बुडू लागलं तर काय करायचं, हे शिकवतात. जीवरक्षक जाकीट कसं घालायचं, कुठल्या दाराने जायचं, शिट्टी कशी वाजवायची. हा कार्यक्रम पूर्ण फुकट होता. मी तो फार लक्ष देऊन पाहिला.

जेवणाला मात्र नाव ठेवायला जागा नाही. एकीकडे पंजाबी, एकीकडे दाक्षिणात्य, मध्ये इटालियन आणि कोपऱ्यात जैन काउंटर, कांदा-लसणाशिवाय. आमच्याच गाडीने जयपूरहून आलेली जवाहिऱ्यांची मंडळी त्या काउंटरपाशी अशी उभी राहिली की सांगानेरी गेटची रांग आठवावी. महाराजांनी जहाजावर वेगळी स्वयंपाकघरं का केली याचं आम्हाला अप्रूप वाटतं, पण आजचं जहाज तरी दुसरं काय करतं? माणूस समुद्रात जातो तो घर सोडायला नव्हे. घर बरोबर नेऊन ते पाण्यावर कसं दिसतं, हे बघायला. त्याच्या घराला जेवढी स्वयंपाकघरं लागतात तेवढी तो नेतो, आणि खर्च होतो तो नेमका त्याचाच. समुद्र बिचारा तसा स्वस्त आहे. गिरगाव चौपाटीला गेलं की फुकट दिसतो.

पाण्याकडे येतो. जेवणाच्या हॉलमध्ये पाणी ग्लासातून फुकट. पण खोलीत तहान लागली, डेकवर लागली, नाटक बघताना लागली, तर बाटली, आणि बाटलीला टुक्. जयपूरच्या उन्हाळ्यातून आलेलं आमचं कुटुंब. पाण्याची बाटली दिसली की आम्ही ती आधी उघडतो आणि मग तहान लागली का ते बघतो. खोलीत दोन बाटल्या मांडून ठेवलेल्या होत्या. मुलांनी त्या पाहुणचार समजून संपवल्या. पुढे मला जहाजावरच्या एका गोव्याच्या पोराने कोकणी-मराठीत समजावलं, की एवढ्या मोठ्या जहाजावर पाणी बहुतेक समुद्राचंच असतं, खारेपणा काढून गोड केलेलं. म्हणजे अरबी समुद्र फुकट, त्यातलं मीठ काढलं की पैसे. इथे आबांची आठवण झाली. आबाही हिणकस काढण्याचेच पैसे घेतात, पण काढल्यावर निदान सोनं तरी हातात देतात.

महाराजांचा पाण्याचा हिशेब मी तिथेच, डेकवर बसून करून पाहिला. दोन घडे, 8000 लिटर. प्रवास जाऊन-येऊन चारेक महिन्यांचा. म्हणजे दिवसाला पासष्टेक लिटर. एका माणसाच्या पिण्याला भरपूर, पूजेलाही पुरेल, पण शंभरावर मंडळींनी ओंजळ पुढे केली की संपलं. त्यात लंडनला पोचल्यावर काय झालं? राज्यारोहण 26 जूनला ठरलेलं. एडवर्डचं पोट दुखायला लागलं ते इतकं की दोन दिवस आधी शस्त्रक्रियाच करावी लागली, आणि समारंभ थेट 9 ऑगस्टवर गेला. सहा आठवडे! मुक्काम वाढला, पाणी तेवढंच. ‘कार्यक्रमात आयत्या वेळी बदल होऊ शकतो’ हे वाक्य आमच्या पत्रकाच्या मागे होतं. महाराजांच्या निमंत्रणावर ते छापलेलं असेल असं वाटत नाही. आमचंही एक बेट वाऱ्यामुळे रद्द झालं. त्याऐवजी कंपनीने आम्हाला डेकवर बिंगो खेळवला. टुक्.

किनाऱ्यापासून पुरेसं दूर गेल्याशिवाय जहाजावरचा जुगार उघडत नाही. त्यामुळे किनारा दिसेनासा झाला की काही गृहस्थांच्या चेहऱ्यावर समुद्राबद्दलचं खरं प्रेम फुलतं. मेहुणे ‘नुसतं बघून येतो’ म्हणून गेले. परत आले तेव्हा त्यांनी देशाच्या अर्थव्यवस्थेविषयी बोलायला सुरुवात केली. मेहुण्यांच्या पत्नींनी काही विचारलं नाही. शेवटच्या रात्री दाराखालून बिल येतं, हे त्यांना तोवर कळलेलं होतं.

ते बिल आलं. लांब, पातळ, आणि इतकं शांतपणे सरकवलेलं की घरात चोर यावा. त्यात मिल्कशेक होते, बाटल्या होत्या, आंतरजालाचे पैसे होते, मुलांनी कुठल्यातरी सिम्युलेटरमध्ये चालवलेली मोटार होती, आणि एक फोटो होता. जहाजावर चढताना एक तरुण समोर येतो, “हसा” म्हणतो, आपण दमलेलो असूनही हसतो. नंतर तो फोटो भिंतीवर टांगलेला दिसतो. आपला चेहरा परक्या भिंतीवर सोडून येणं बरं दिसत नाही, म्हणून आपण तो विकत घेतो. त्या फोटोत माझ्या खांद्याला ती जप्त होऊ घातलेली पिशवी दिसते. चिवड्याची ती शेवटची प्रतिमा.

आता परत आल्यावरच्या खर्चाविषयी. तो पूर्वीही होता. 1781 साली राघोबादादांनी हणमंतराव नावाच्या ब्राह्मण वकिलाला इंग्लंडला पाठवलं होतं. बरोबर एक पारशी गृहस्थ. म्लेंच्छांच्या घरात सोवळं कसं सांभाळायचं? तेव्हा एडमंड बर्कने बीकन्सफील्डच्या आपल्या बागेतलं रोपं वाढवायचं काचेचं घर त्यांना स्वयंपाकाला मोकळं करून दिलं. इंग्लंडात उन्हाचा मागमूस नसताना काचघरात बसून वरणभात शिजवणाऱ्या त्या पहिल्यावहिल्या मराठी प्रवाशाबद्दल मला अतोनात आदर आहे. परत आल्यावर समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्त आलंच. त्यासाठी सोन्याची योनी घडवून तिच्यातून बाहेर यायला लावलं, म्हणजे नवा जन्म, असं त्या काळच्या इंग्रजी लेखनात नोंदलेलं आहे. माणूस बाहेर येईल एवढं सोनं! मराठी माणसाने समुद्रप्रवासाचा खरा आकडा परत आल्यावर पाहिला, याचं एवढं भक्कम उदाहरण दुसरं नाही.

आमचं प्रायश्चित्त क्रेडिट कार्डाच्या बारा हप्त्यांत बसवलं. त्यावरही व्याज होतं, व्याजावर कर होता.

बिल घेऊन आबांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, एकेका ओळीवर पेन्सिलीने टिंब केलं, आणि शेवटी पाटी पुढे सरकवली. त्यांच्या मते एकूण रकमेत शुद्ध समुद्र चार आणे होता. बारा आणे भेसळ.

“पर मजा आली का?” त्यांनी विचारलं.

आली होती. रात्री डेकवर कोणी नसताना ही आणि मी रेलिंगला टेकून उभे होतो, वारा इतका होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्याचं मोल काय असतं हे विवाहित वाचकांना सांगायला नको. मी “आली” म्हणालो.

आबा विचारात पडले. मग आठवडाभराने मलाच घेऊन एम. आय. रोडवरच्या त्याच दुकानात गेले. प्रत्येक रक्कम त्यांनी लिहून मागितली: खिडकी, बंदर, बक्षिसी, कर, बाटली. एजंटाला घाम फुटला. सगळं ठरलं, आणि आता आगाऊ पैसे भरणार एवढ्यात आबांच्या घरून काकींचा फोन आला. निघायच्या तारखा नवरात्रात येत होत्या. खानापूर तालुक्यातल्या घराला घट बसले की दिवा सांभाळायला माणूस लागतं; दोघांनी उठून समुद्रावर जायचं म्हणजे काय?

आबांनी फोन खाली ठेवला आणि एजंटाकडे वळले. “महाराजांनी देऊळ नेलं हुतं जहाजावर,” ते मला म्हणाले, आणि मग त्याला हिंदीत विचारलं, की केबिनमध्ये घट बसवता येईल का. माती असते, धान्य पेरायचं असतं, नऊ दिवस पाणी घालायचं.

एजंटाने डोळ्याचं पातं लवू दिलं नाही.

“हो जाएगा, अंकलजी. घट का अलग केबिन लेना पड़ेगा. बालकनीवाला लिखूँ, कि बिना खिड़कीवाला?”